हातात ल्यूट आहे म्हणून तो ल्यूटवाला? असं नसतं हो

गेले काही महिने रात्री झोपताना जॉन डाउलंड या जुन्या इंग्रज ल्यूटवादक-संगीतकाराच्या रचना ऐकतोय. ल्यूट म्हणजे ते अर्ध्या कापलेल्या पेअरसारखं पोटाचं तंतुवाद्य, मानेचं खुंट्यांचं टोक मागे जवळजवळ काटकोनात वळलेलं, ताती आतड्याच्या आणि पडदेसुद्धा आतड्याचेच, मानेला गाठ मारून बांधलेले. तर एका म्युझिक ॲपवर डाउलंडचा म्हणून दाढीवाल्या एका माणसाचा फोटो होता, दुसऱ्या ॲपवर वेगळाच कोणीतरी, आणि एका व्हिडिओवर तर चक्क लेसची कॉलर घातलेला एक गोंडस मुलगा. म्हटलं यातला खरा कोण ते शोधू. दोन रात्री घालवल्यावर कळलं की यातला कोणीच नाही, कारण डाउलंडचं खात्रीचं असं एकही चित्र आज आपल्याकडे नाहीये.

मला हे पटेचना. डाउलंडचं आयुष्य 1563 ते 1626, म्हणजे लंडनमध्ये चित्रकार निकोलस हिलियर्ड तळहातावर मावतील एवढी सुंदर चित्रं काढत होता तोच काळ. डाउलंड डेन्मार्कच्या राजाकडे भरभक्कम पगारावर नोकरीला, नंतर इंग्लंडच्या राजाकडे. आणि चेहरा नाही! त्याच्या 1597 च्या पहिल्या गाण्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चेहरे आहेत की, असं वाटून मी खूश झालो होतो. तर ते टॉलेमी, स्ट्रॅबो वगैरे जुने विद्वान निघाले. तो लाकडी ठसा मुळात 1559 च्या एका भूगोलाच्या पुस्तकासाठी कोरलेला, मग 1570 च्या युक्लिडच्या भूमितीच्या इंग्रजी भाषांतराला तोच, मग 1597 मध्ये संगीतकार मॉर्लीच्या संगीताच्या पुस्तकाला तोच आणि डाउलंडलाही तोच. काटकसर बघा!

मूळ घोळ असा आहे की त्या काळात चित्रात ल्यूट असणं आणि माणूस ल्यूटवादक असणं याचा फारसा संबंधच नाही. ल्यूट म्हणजे मी सुसंस्कृत आहे, मी प्रेमात पडलोय, किंवा नुसतंच 'श्रवण' या इंद्रियाचं प्रतीक. चित्रकार होल्बाइनच्या 1533 च्या त्या दोन राजदूतांच्या चित्रात ल्यूट फळीवर पडलेली आहे, तिची एक तात तुटलेली आहे आणि वाजवायला कोणीच नाही. हिलियर्डने 1580 च्या सुमारास राणी एलिझाबेथला ल्यूट वाजवताना रंगवलंय, म्हणून तिला कोणी व्यावसायिक वादक म्हणत नाही ना? पण चित्रातल्या माणसाचं नाव माहीत नसलं की लोक लगेच एखाद्या प्रसिद्ध वादकाचं नाव चिकटवतात.

इटालियन चित्रकार कारावाज्जोचं घ्या. त्याचा ल्यूट वाजवणारा (1596 च्या आसपासचा, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधला) बघून वाटतं की हा नक्की कोणीतरी खराखुरा वादक असणार, कारण समोरच्या वहीतले सूर इतके स्वच्छ रंगवलेत की वाचता येतात, ती आर्काडेल्ट या संगीतकाराची गाणी आहेत हे लोकांनी ओळखलंय. गाणं ओळखलं, माणूस मात्र नाही. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या बेल्लोरीने सतराव्या शतकात लिहून ठेवलं की ही बाई आहे. आता कोणी म्हणतं हा मोंतोया नावाचा कास्त्रातो (आवाज उंच राहावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेला) गायक, कोणी म्हणतं चित्रकाराचा दोस्त मिन्निती. मला विचाराल तर हे कोणाचं व्यक्तिचित्र नाहीच, मॉडेल बसवून काढलेलं चित्र आहे, त्याचं नाव काय होतं याने काही बिघडत नाही.

मग खात्री कशाने पटते? नाव त्याच काळात लिहिलेलं हवं. कोपऱ्यात नाव आणि वय असतं, पण ते कधीकधी शंभर वर्षांनी मालकाने किंमत वाढवायला घातलेलं असतं, त्यामुळे अक्षरांचा रंग मूळ रंगाच्याच वयाचा आहे का ते बघावं लागतं. मग वाद्य. मला सगळ्यात मजा खुंट्या मोजण्यात येते. 1500 च्या सुमाराला तातींच्या सहा जोड्या, त्यात वरची एकेरी, म्हणजे 11 खुंट्या; डाउलंडच्या उतारवयापर्यंत जोड्या नऊ-दहावर गेल्या. त्यामुळे 1540 चा म्हणून दाखवलेला वादक दहा जोड्यांची ल्यूट घेऊन बसला असेल तर काहीतरी गडबड आहे. उजवा हातही बघायचा, पंधराव्या शतकात पिसाच्या काडीने वाजवायचे, मग हळूहळू बोटांनी. आणि एखादा डावखुरा दिसला तर आधी ते छापील चित्र आहे का बघा, ठशावरून छापताना चित्र उलटं होतं.

असं सगळं चाळून उरतात ती चित्रं दिसायला एकदम साधी. सेबास्टियान ओक्सेनकुन या ल्यूटवादकाने जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये 1558 ला काढलेल्या स्वतःच्या पुस्तकात त्याचा लाकडी ठशातला चेहरा आहे. ड्रेस्डेनमध्ये चित्रकार आनिबाले कार्राचीचं एक सुंदर चित्र आहे, त्यातला माणूस बोलोन्याचा ल्यूटवादक मास्केरोनी मानतात, आणि याच्यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे, कारण तो डोळे रोखून असा बघतो की जणू चित्रकाराशी मधेच गप्पा थांबल्यात.

पण माझा फेव्हरिट इटलीतल्या फेरारा दरबारचा ल्यूटवादक पिएत्रोबोनो. 1457 मध्ये जोव्हान्नी बोल्दूने त्याचं पदक ओतलं, त्यावर बाजूने दिसणारा चेहरा, नाव, आणि ग्रीक पुराणातला महान वादक ऑर्फियस यालाही मागे टाकणारा अशी पदवी. धातूवर नाव ओतलेलं आहे, वर्षही आहे, वादच नाही. गंमत अशी की या माणसाचं लिहिलेलं संगीत एक ओळही उरलेलं नाही! डाउलंडचं नेमकं उलटं, ल्यूटच्या रचनांचा एवढा ढीग आणि चेहरा शून्य.

डाउलंडच्या हाताचं मात्र एक आहे. न्यूर्नबर्गच्या योहानेस सेलारियस नावाच्या माणसाच्या वहीत त्याने स्वरांची एक छोटी ओळ लिहिली आणि खाली सही केली, 'लाक्रिमे'वाला डाउलंड, स्वहस्ते, अशा अर्थाची. म्हणजे आपल्या सगळ्यात गाजलेल्या धूनचं नाव आडनावासारखं लावलं पठ्ठ्याने. माझ्या प्लेलिस्टवरचा तो दाढीवाला काढून मी आता त्या सहीचा फोटो लावलाय.