पहिल्या बेसवरचा माणूस

बॉस्टनमधले दोन दिवस बंदर आणि फ्रीडम ट्रेलच्या पायपिटीत गेले, छान गेले. पण लिहावंसं वाटतंय ते केनमोर स्टेशनला उतरून फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात पाहिलेल्या जेमतेम चार मिनिटांबद्दल. १९१२ सालचं मैदान, जुन्या लाकडी खुर्च्या अरुंद. तरीही जागा पहिल्या बेसच्या, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या पहिल्या टप्प्याच्या, बाजूचीच घ्या.

बॅटर, म्हणजे फलंदाज, पहिल्या बेसवर पोचला आणि माझ्या रांगेतली निम्मी मंडळी खायला आणायला उठली. जीव हळहळला. खरा डाव आता कुठे सुरू होणार होता! बेसवर पोचलेला हा माणूस आता रनर; पिचर चेंडू टाकत असतानाच पळून त्याने दुसरा बेस गाठला, की ती बेसची चोरी.

हिशोब असा: पिचर (चेंडू टाकणारा) हलल्यापासून चेंडू कॅचरच्या (बॅटरमागे बसून तो झेलणाऱ्याच्या) हाती पडेपर्यंत साधारण १.३ सेकंद, तिथून दुसऱ्या बेसपर्यंत आणखी २. चपळ रनरला लागतात ३.४ च्या आसपास. पिचरने पाय नेहमीसारखा उंच घेऊन १.५ सेकंद लावले, की कॅचर कितीही भारी असो, बेस चोरीला गेलाच. पाय कमी उचलावा तर वेग आणि नेम, दोन्हींना फटका. पिचर उजव्या हाताचा असेल तर रनरची नजर त्याच्या उजव्या टाचेवर. ती आधी उचलली गेली तर चेंडू पहिल्या बेसकडे येणार, मागे झेप घ्यायची. डावा पाय आधी उचलला गेला की पळायचं. पिचरला सारखं वळून धाकही दाखवता येत नाही. २०२३ पासून एका बॅटरमागे दोनच मोकळ्या संधी. तिसऱ्यांदा रनर बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस आंदण.

तेवढ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या शॉर्टस्टॉपने ग्लोव्ह तोंडावर धरला. त्याआड सेकंड बेसमनला खूण चालते. तोंड मिटलेलं म्हणजे ‘कॅचरचा चेंडू घ्यायला दुसऱ्या बेसवर मी जातो’, उघडं म्हणजे ‘तू जा’. जो जाईल त्याची जागा रिकामी पडणार, म्हणून बॅटरपासून ही लपवाछपवी. फर्स्ट बेसमन तर रनरला धरून ठेवायला बेसला चिकटलेलाच; त्याच्या उजवीकडे हे भलंमोठं खिंडार. शिवाय वळणारा चेंडू हळू येतो, जमिनीवर आपटू शकतो, म्हणून कॅचर सरळ वेगवान चेंडू मागण्याची शक्यता वाढते. बॅटरही नेमकी त्याचीच वाट पाहत असतो.

चेंडू आला वेगवान, आणि त्याच खिंडारातून सरपटत गेला. रनर थेट तिसऱ्या बेसवर. त्याने चोरी केलीच नव्हती. डावीकडच्या हिरव्या भिंतीतल्या हाताने चालवायच्या फलकावर फक्त एक हिट (यशस्वी फटका) वाढली.