अर्धा इंच दाढी

आज ठाणे कोर्टातलं काम बारालाच आटपलं (तारीख पडली, दुसरं काय). टपरीवर एक चाची भेटल्या. हातातल्या पिशवीत घडी घातलेली पांढरी जाळीची टोपी. मुलगा आत, कच्चा कैदी. माझा काळा कोट बघून विचारलं, "वकीलसाहेब, आत दाढी ठेवू देतात ना?" जामिनाबद्दल एक शब्द नाही!

मला होल्ट विरुद्ध हॉब्स खटला आठवला. अमेरिकेत आर्कान्सासमधल्या मुस्लिम कैद्याला अर्धा इंच दाढी हवी होती. तुरुंगवाले म्हणे, त्यात काहीबाही लपवेल. २०१५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी कैद्याची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, डोक्यावरच्या केसांत जास्त लपतं, ते चालतात. त्वचारोग असेल तर पाव इंच दाढीही चालते. मग धर्मासाठी अर्धा इंच का नाही?

आपल्या राज्यघटनेतलं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ तर 'नागरिक' म्हणतच नाही, 'सर्व व्यक्ती' म्हणतं. सुव्यवस्थेची अट आहे, मान्य. पण कैदी व्यक्तीच ना?

हे चाचींना काय सांगणार! म्हटलं, अधीक्षकांच्या नावाने अर्ज लिहून देतो. नेमकं माझं पेन चालेना. त्यांनीच पिशवीतून काढून दिलं.