बिनमारामारीचे ओपन वर्ल्ड गेम: 'ब' यादीतला माइनक्राफ्ट अखेर उडाला

मागच्या नोंदीत बिनमारामारीच्या गेमची 'ब' यादी माइनक्राफ्टपाशी येऊन अडली होती: मारामारी बंद केली की त्यात उडता येईना. ती गाठ सुटली. एलिट्रा, म्हणजे त्यातले उडायचे पंख, मिळालेला नाही आणि मिळणारही नाही, पण एकाही प्राण्यावर घाव न घालता हवेत जाता येतं, हे आता पक्कं झालं आहे.

यादीचे निकष तेच आहेत. 'अ' म्हणजे मारायचं बटणच नसलेले गेम, 'ब' म्हणजे सेटिंगमधून मारामारी बंद करता येणारे, 'क' म्हणजे सावधपणे खेळून ती टाळता येणारे. 'ब'मध्ये बसायचं तर सेटिंग बदलल्यावर गेमचा मोठा भाग कुलपात अडकून राहता कामा नये. माइनक्राफ्टचं घोडं इथेच पेंड खात होतं. खालचं सगळं जावा आवृत्तीचं आहे. बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत काही ड्रॉपचे (मेल्यावर पडणाऱ्या वस्तूंचे) नियम वेगळे असल्याने तिची नोंद स्वतंत्र लागेल.

पीसफुल या सगळ्यात सोप्या पातळीवर हल्लेखोर मॉब (प्राणी, राक्षस) येत नाहीत, भूक लागत नाही, आयुष्य आपोआप भरतं. म्हणजे अन्नासाठीही कुणाला मारावं लागत नाही. इथवर उत्तम. पण एलिट्रा असतो एन्ड या वेगळ्या जगातल्या जहाजावर. एन्डचं दार उघडायला लागतात आय ऑफ एन्डर, आणि त्या बनतात एन्डर पर्ल आणि ब्लेझ पावडर मिळून. पर्लचा प्रश्न नाही, एक्स्पर्ट पातळीला पोहोचलेला क्लेरिक गावकरी 5 एमराल्डला एक विकतो. मेख पावडरीत आहे. पीसफुलमध्ये ब्लेझ (आगीचे राक्षस) येतच नाहीत. थोडा वेळ ईझी पातळी करून बर्फाच्या गोलेमकडून काम करून घ्यावं, असं अनेकांनी सुचवलं होतं. त्याचा उपयोग नाही: ब्लेझ रॉड (त्याचीच पावडर होते) पडतो तो खेळाडूने किंवा त्याच्या पाळीव लांडग्याने मारलं तरच. गोलेमने मारलेल्या ब्लेझकडून रॉड मिळत नाही. लांडगा पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या हातून मारणं, आणि ते 'ब'च्या व्याख्येत बसत नाही.

उरतो नशिबाचा मार्ग. एन्ड पोर्टलच्या 12 चौकटींपैकी प्रत्येकीत आय आधीच बसलेली असण्याची शक्यता 10 टक्के. बाराही भरलेल्या सापडण्याची शक्यता लाख कोटीत एक. तेव्हा एलिट्राचं प्रकरण बंद. पावडर नाही म्हणजे ब्रूइंगही (जादूची पेयं बनवणं) नाही. गावातल्या देवळात ब्रूइंग स्टँड तयार मिळतो, पण त्याला इंधन म्हणून तीच पावडर लागते.

त्यावर पहिला उतारा होता बर्फाच्या रस्त्यावरून होडी. ब्लू आइसवर होडी सेकंदाला साधारण 72 ब्लॉक धावते, पॅक्ड आइसवर 40. रॉकेट लावलेला एलिट्रा 33च्या आसपास. शिवाय नेदर या पाताळासारख्या जगातला 1 ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले 8, आणि पीसफुलमध्ये तिथे गास्ट (आगीचे गोळे फेकणारे उडते राक्षस) नसल्याने रस्त्याला भिंती-छप्पर घालायची गरज नाही. खर्च मात्र दांडगा: 9 साध्या बर्फांचा एक पॅक्ड, 9 पॅक्डचा एक ब्लू, आणि साधा बर्फ उचलायला सिल्क टच ही जादू लावलेलं हत्यार हवंच. त्यापेक्षा सरळ हिमनग शोधावा, तिथे ब्लू आइस आयतं मिळतं. प्रवासाचा प्रश्न याने पुरता मिटतो. वरून जग पाहण्याचा मिटत नाही, आणि ओपन वर्ल्डमध्ये निम्मा आनंद तोच असतो.

खरी वाट उघडली हॅपी गास्ट या स्वारी करता येणाऱ्या उडत्या प्राण्याने. जून 2025 मधल्या 1.21.6 आवृत्तीत तो आला. कृती अशी: नेदरच्या सोल सँड व्हॅलीत जीवाश्मांच्या हाडांपाशी वाळलेला गास्ट ब्लॉकसारखा पडलेला असतो. एरवी हा भाग सांगाड्यांनी आणि गास्टांनी भरलेला; पीसफुलमध्ये तिथे शुकशुकाट असतो, फक्त सोल सँडवर पाय जड पडतात. वाळलेला गास्ट उचलून वरच्या जगात आणावा, कारण नेदरमध्ये पाणी ओतता येत नाही. पाण्यात ठेवला की साधारण 20 मिनिटांत भिजून गास्टलिंग (पिल्लू) होतो. मधेच बाहेर काढला तर पुन्हा सुकतो, तेव्हा हात लावू नये. पुढे मोठा व्हायला आणखी 20 मिनिटं. बर्फाचे गोळे खाऊ घातले की हा वेळ कमी होतो. गोळ्यांसाठी बर्फाळ प्रदेशात एक फावडं पुरेसं आहे. बहुतेकांची चूक होते ती जागेत: मोठा झालेला हॅपी गास्ट 4×4×4 ब्लॉकचा असतो. ठेंगण्या छताखाली वाढवला तर छत फोडूनच बाहेर काढावा लागतो. उघड्यावर लीडने (दाव्याने) बांधून ठेवणं सोपं. लीडसाठीही आता स्लाइमबॉल लागत नाही, 5 दोऱ्यांत काम होतं. जुन्या खाणींतल्या जाळ्यांवर तलवार चालवली की दोरा पडतो. या संपूर्ण वाटेवर तलवारीचं काम एवढंच.

बसायला हार्नेस (खोगीर) हवा: 3 चामडी, 2 काचा, 1 लोकर. काच वाळू भाजून मिळते, लोकर कात्रीने. आणि चामडं? गायीला न मारता चामडं आणायचं कुठून? या तीन चामड्यांनी सगळ्यात जास्त छळलं.

मासेमारीत चामडं गळाला लागतं. मूळ प्रमाण 85 टक्के मासे, 10 टक्के भंगार, 5 टक्के खजिना, आणि चामडं भंगारात. म्हणजे शंभर वेळा गळ टाकावा तेव्हा एखादं. इथे लक ऑफ द सी ही जादू लावलेला गळ उलटा पडतो, तो भंगार कमी करून खजिना वाढवतो. साधा गळ घ्यावा आणि फक्त ल्युअर (गळाला लवकर लागण्याची जादू) लावावा. पण एका चामड्यामागे पंचाऐंशीच्या आसपास मासे पकडले जातात. मासा मरतो तो पडद्याआड, पण मरतोच. काटेकोर 'ब'साठी ही वाट नापास.

मांजरांची वाट गोड आहे. पाळलेलं मांजर बसवून न ठेवता आपण रात्रभर झोपलो तर सकाळी ते 70 टक्के वेळा भेट आणतं, त्यात कधीकधी सशाचं कातडं असतं. 4 कातड्यांचं 1 चामडं, म्हणजे हार्नेसला 12 कातडी. चार-पाच मांजरं असतील तर जमतं. फक्त मांजर माणसाळवायला कच्चा मासा लागतो, की परत तिथेच. गावातल्या कोळ्याच्या पेटीत तो मिळाला तर ठीक.

कोल्हे त्याहून चांगले. तैगातले (थंड जंगलातले) काही कोल्हे जन्मतःच तोंडात काहीतरी धरून असतात: अंडं, पीस, गहू, एमराल्ड, कधी चामडं. चामडंवाला दिसला की स्नीक करत (दबक्या पावलांनी) जवळ जावं, नाहीतर तो पळतो. समोर बेरी टाकावी. कोल्हा खाण्यासाठी तोंडातलं टाकतो. तेवढ्यात चामडं उचलून मागे सरकायचं, नाहीतर बेरी संपवून तो तेच परत तोंडात घेतो. या अदलाबदलीत कुणालाच इजा होत नाही, आणि पूर्ण माइनक्राफ्टमध्ये इतका सभ्य व्यवहार दुसरा नसेल.

तरी पहिली नजर टाकावी ती गावांवर. ज्या घरात कॉल्ड्रन (मोठी कढई) दिसेल ते कातडी कमावणाऱ्याचं घर. त्याच्या पेटीत चामडं असू शकतं. दोन-तीन गावं आणि वाटेतला तैगा एवढ्यात तीन चामडी जमून जातात, गळाला हात न लावता.

हॅपी गास्टचा वेग मात्र फार कमी आहे. घाई असेल तर बर्फावरची होडीच. पण तो 4 जणांना घेतो, वर कुणी उभं राहिलं की हवेत स्थिर राहतो, आणि त्यामुळे उंच बांधकामासाठी परांचीची गरजच उरत नाही. उतरताना नजर खाली करून पुढे जायचं. सवयीने स्नीक दाबलं तर खाली न जाता नुसती मांड सुटते.

तेव्हा माइनक्राफ्ट 'ब'मध्ये कायम, 'एन्ड बंद' या शेऱ्यासह. हे लिहिता लिहिता वाटतंय की 'ब'चे दोन भाग करावेत: सेटिंग बदलून काहीच न गमावणारे, आणि काही दारं बंद होणारे. पहिल्या भागात असॅसिन्स क्रीड ओरिजिन्सचा डिस्कव्हरी टूर निर्विवाद बसतो. 2018 मध्ये आला, 75 सहली आहेत, अख्खा इजिप्त मोकळा आणि शस्त्राचं नाव नाही. द लाँग डार्कचा पिलग्रिम मोडही बहुधा तिथेच जाईल. त्यात लांडगे आणि अस्वलं आपल्यापासूनच लांब पळतात. सबनॉटिका 'क'मध्ये हलवला आहे. बंदुका नसल्या तरी लेव्हायथन (समुद्रातले महाकाय प्राणी) अंगावर येतातच, आणि ज्यांना भीतीच नको आहे त्यांना 'बंदूक नाही' एवढं सांगून तो देणं बरोबर नाही.

'अ' यादीत फारशी हालचाल नाही. अ शॉर्ट हाइक, ईस्टशेड, सेबल, योंडर आपापल्या जागी आहेत. आउटर वाइल्ड्सपुढे शेरा वाढवला: डार्क ब्रॅम्बल या भागातले अँगलरफिश गिळतात, तिथे यानाचे थ्रस्टर बंद ठेवून तरंगत जावं, आवाज झाला नाही तर ते वळत नाहीत. 2021च्या विस्तारात 'रिड्यूस्ड फ्राइट्स' पर्याय आहे, तो चालू ठेवावा.

दुकानांतले 'रिलॅक्सिंग', 'कोझी' हे टॅग चाळणीसाठी निरुपयोगी आहेत. शेतीच्या गेममध्ये खाणीतली मारामारी असली तरी ते लागतात. वयोगटाच्या प्रमाणपत्रातलं हिंसेचं वर्णन त्याहून भरवशाचं. सगळ्यात खात्रीची दोन ठिकाणं: अचीव्हमेंटची यादी, जिथे 'इतके शत्रू मारा' लपत नाही, आणि कंट्रोल्सचं पान, जिथे हल्ल्याचं बटण असेल तर दिसतंच.

पुढचा नंबर सॅटिसफॅक्टरी या कारखाना उभारायच्या गेमचा. त्यात प्राण्यांचं वागणं पॅसिव्ह करता येतं, पण संशोधनातली एलियन ऑर्गनिझम्सची शाखा मेलेल्या प्राण्यांच्या अवशेषांशिवाय उघडत नाही. त्या शाखेमागे नेमकं काय काय अडकतं ते एकेक करून नोंदवायचं आहे. कारखाना पूर्ण करायला त्यातलं काही लागत नसेल, तर तो 'ब'च्या दुसऱ्या भागात माइनक्राफ्टशेजारी बसेल.