तुम्ही विचारलंत म्हणून : रुग्ण सोबत असताना इंजिन बिघडले तर?

व्याख्यान संपले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. अत्यवस्थ माणसाला घेऊन जाताना हेलिकॉप्टरचे इंजिन बिघडले, तर वैमानिक रुग्णाचा विचार कसा करतो? माझे उत्तर ऐकून काही जण दुखावतात, कारण तेवढ्या वेळापुरता मी रुग्णाचा विचार करतच नाही. तो माझ्या मनात येऊ नये, अशी तजवीज मी उड्डाणाआधीच करून ठेवतो. रुग्णाचे वजन मला हवे असते, कारण डोंगरातल्या विरळ हवेत दहा किलोंचाही फरक पडतो. त्याचा आजार मात्र मी विचारत नाही.

लष्करातून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षे उत्तराखंडमध्ये एका इंजिनाचे हेलिकॉप्टर चालवत असे. एका सकाळी जोशीमठहून ऋषिकेशकडे निघालो, तेव्हा मागे एक डॉक्टर, एक परिचारिका आणि स्ट्रेचरवर अठ्ठावन्न किलो वजनाची एक स्त्री होती. याहून अधिक मला ठाऊक नव्हते. अलकनंदेच्या खोऱ्यातून उतरत कर्णप्रयागला पिंडर नदीचा संगम मागे टाकला आणि समोर एक पिवळा दिवा लागला.

आम्ही त्याला चिप लाइट म्हणतो. इंजिनाच्या तेलाच्या वाटेत एक लहानसे चुंबक बसवलेले असते. झिजलेल्या भागाचा लोखंडी कण त्याला चिकटला, की विद्युतमंडल पुरे होऊन दिवा लागतो. तो कण नेहमीच्या झिजेची निरुपद्रवी भुकटी असू शकतो, किंवा एखादे बेअरिंग फुटायला लागल्याची पहिली खूण असू शकतो, आणि हवेत असताना या दोहोंतला भेद कळण्याचा कोणताही मार्ग वैमानिकाजवळ नसतो. तेलाचा दाब आणि तापमान पाहिले. काटे जागच्या जागी होते. तरीही मी कलेक्टिव्ह, म्हणजे रोटरच्या (डोक्यावरच्या फिरत्या पात्यांच्या) उचलीचे नियंत्रण करणारा दांडा, हळूहळू खाली घेऊन इंजिनावरचा भार कमी केला, कारण दुखावलेल्या इंजिनाकडून शक्ती एकदम मागणे किंवा एकदम काढून घेणे, दोन्ही धोक्याचे असते. वेग सत्तर नॉटवर (ताशी सुमारे एकशे तीस किलोमीटर) आणला आणि गौचरच्या धावपट्टीकडे तोंड केले.

इंटरकॉमवर डॉक्टरांचा आवाज आला, “सर, अर्धाच तास उरलाय. जाता येईल का?”

“नाही. चार मिनिटांत गौचरला उतरतोय. खाली अँब्युलन्स मागवा आणि पट्टे आवळा.”

हे मी तुटकपणे बोललो, याची मला जाणीव आहे. पण गौचरनंतरच्या वाटेवर खोरे पुन्हा अरुंद होते, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत, खाली दगडांचे पात्र आहे आणि नदीवर आडव्या ताणलेल्या तारा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. इंजिन बंद पडले म्हणून हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळत नाही. सालवृक्षाचे पंखांचे बी गिरक्या घेत उतरते, तसे कलेक्टिव्ह खाली केल्यावर खालून वर येणारी हवाच रोटर फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि नाशिकच्या लष्करी प्रशिक्षणात ते आमच्याकडून इतके घोटून घेतले होते, की हात आपोआप खाली जात असे. तिथे ज्या चीता हेलिकॉप्टरवर मी शिकलो, ते मुळात फ्रान्सचे लामा हेलिकॉप्टर. 21 जून 1972 रोजी फ्रेंच वैमानिक ज्याँ बुले यांनी लामा 12,442 मीटर उंचीवर नेले, परतीच्या वाटेवर इंजिन बंद पडले, ते पुन्हा सुरू झाले नाही, आणि तरीही बुले ऑटोरोटेशन करत जमिनीवर सुखरूप उतरले. परंतु या उतरण्यात मिनिटाला दीड-दोन हजार फूट उंची जाते, आणि शेवटी नाक वर उचलून वेग घटवल्यावर रोटरमधली साठलेली शक्ती धक्का झेलायला एकदाच वापरता येते. त्या क्षणी खाली सपाट जमीन हवी. ती गौचरला होती.

धावपट्टीवर मी तरंगत थांबलो नाही, कारण जागच्या जागी तरंगायला फार शक्ती लागते. कमी उताराचा मार्ग धरून, थोडा वेग ठेवूनच स्किड (चाकांऐवजी असलेल्या खालच्या पट्ट्या) डांबरावर टेकवले आणि घसरत थांबलो. दार उघडून मागे गेलो, तेव्हा स्ट्रेचरवरची चादर रक्ताने भिजलेली दिसली. आदल्या रात्रीच्या बाळंतपणानंतर तिचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि डॉक्टर दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरून बसल्या होत्या. हे मला कर्णप्रयागवर ठाऊक असते, तर मी कदाचित आणखी पाच मिनिटे जाऊ दिली असती. त्या ‘कदाचित’ची मला आजही भीती वाटते.

तंत्रज्ञाने संध्याकाळी चुंबक बाहेर काढले, तेव्हा त्यावर भुकटी नव्हती, नखाएवढ्या चकत्या होत्या, आणि इंजिन बदलावे लागले. यावर लोक म्हणतात, की बघा, तुमचा निर्णय बरोबर ठरला. मला हे पटत नाही. भुकटी निघाली असती, तरीही निर्णय तोच आणि तितकाच योग्य होता.

ती बाई वाचली. वाटेतल्या जिल्हा रुग्णालयात तिला रक्त मिळाले. पण डॉक्टर माझ्यावर रागावल्या होत्या, आणि त्यांच्या रागातला एक भाग रास्त होता. उतरायचे कुठे, हे मी वर्षानुवर्षे डोक्यात बाळगत होतो, परंतु तिथे उतरल्यावर रुग्णाला न्यायचे कुठे, हे कोणीच ठरवून ठेवलेले नव्हते. ती चार मिनिटे फोन लावण्यात गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी नकाशा पसरला आणि जोशीमठपासून ऋषिकेशपर्यंतच्या प्रत्येक सपाट जागेपुढे जवळचे रुग्णालय, तिथे रक्त मिळते का, आणि रस्त्याने किती वेळ लागतो, हे लिहून काढले. तो कागद डॉक्टरांच्या आसनासमोरच्या खिशात ठेवला, आणि प्रत्येक उड्डाणाआधी त्या तो माझ्याकडून वाचून घेत.