आई-बाबांसाठी नाशकात घर कुठे बघू?

“ताई, आई-बाबांसाठी नाशकातला एखादा चांगला सिनियर सिटिझन प्रोजेक्ट सुचवा ना.” हा प्रश्न मला फोनवर, लग्नकार्यात, अगदी बँकेच्या रांगेतही विचारला जातो. विचारणारी मुलं बहुतेक पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात, आणि आई-वडील इंदिरानगरला, कॉलेज रोडला, नाशिकरोडला किंवा सिडकोत. मी आर्किटेक्ट आहे. नव्या इमारतींपेक्षा जुन्या घरांची दुरुस्ती जास्त करते आणि त्यातही वयस्कर माणसांच्या घरातली बाथरूम, दारं, जिने. म्हणून लोकांना वाटतं, हिला माहीत असेल. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच सांगते.

माझा पहिला उलटा प्रश्न असतो: आत्ता ते कितव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट आहे का? “तिसऱ्या. लिफ्ट नाही.” नाशकात हे उत्तर मला सतत ऐकू येतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नोकरीला लागलेल्या पिढीनं तिशी-पस्तिशीत कर्ज काढून फ्लॅट घेतले. खाली पार्किंग, वर तीन मजले. तेव्हा वरचा मजला हवेशीर म्हणून मागून घेतला होता. मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धरा, म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत साठेक. पायरी सात इंच उंच आणि कठडा एकाच बाजूला. पंचाहत्तरीत गुडघे बोलायला लागले की आधी संध्याकाळचं फिरणं बंद होतं, मग भाजी आणायला जाणं, मग देऊळ, आणि शेवटी डॉक्टरांकडे जाणंसुद्धा पुढे ढकललं जातं. मुलगी फोनवर सांगते, “आई आता घरातच रमते.” ती रमत नाही हो. तिला उतरता येत नाही.

याच राज्यात पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. योजना चांगलीच आहे. पण तिचा फायदा घ्यायला आधी स्वतःच्या इमारतीच्या फाटकापर्यंत पोचावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. ज्येष्ठांना परवडणारी आणि झेपणारी घरं वाढवायची असतील, तर त्यांतली बरीचशी आज ते राहतात त्याच इमारतींमध्ये तयार करता येतात. नवा प्रकल्प शोधणं ही नंतरची गोष्ट. त्या वयात माणूस घराबरोबर शेजारीण सोडतो, जिच्याकडे दुसरी किल्ली असते. औषधाची चिठ्ठी न बघता गोळ्या काढून देणारा मेडिकलवाला सोडतो. नव्या जागी हे सगळं पुन्हा उभं करायला तीस वर्षं नसतात हाताशी.

एक घर सांगते. इंदिरानगर, पहिला मजला. काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, वॉकरवर चालत होते. बाथरूमची चौकट सव्वादोन फुटांची. दार आत उघडायचं, पूर्ण उघडलं तरी त्याची जाडी दीडेक इंच खायची. हातात उरायचे पंचवीस-साडेपंचवीस इंच आणि वॉकर जवळजवळ तेवढाच रुंद. काकू रोज वॉकर बाहेर ठेवायच्या आणि काका शेवटची दोन पावलं चौकट धरून टाकायचे. खाली दोन इंच उंच ग्रॅनाइटची पट्टी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून लावलेली. ती ओलांडताना ज्या पायात जोर नाही तोच उचलावा लागायचा. बरं, आत पडले तर दार आतूनच अडणार, म्हणून काकू दार उघडंच ठेवायच्या.

आम्ही भिंत फोडून मोकळी जागा तीन फूट केली आणि दार बाहेरून सरकतं बसवलं. पट्टी काढली, फरशीला उतार देऊन पाणी जाळीकडे वळवलं. कमोडची बैठक उंच केली. शेजारी आणि नळाजवळ स्टीलचे दांडे लावले, तेही टाइलवर चिकटवलेले नाहीत. टाइल भेदून विटेत पक्के बसवलेले, कारण घसरताना माणूस त्या दांड्यावर सगळं वजन टाकतो. गुळगुळीत फरशी काढून खरबरीत घातली. सगळा खर्च एका बऱ्यापैकी सोफासेटएवढा झाला. काम संपल्यावर काका एवढंच म्हणाले, “आता दार लावून घेता येतं.” पडणार नाही याबद्दल ते बोललेच नाहीत.

ही मापं माझ्या मनची नाहीत. केंद्र सरकारची २०२१ ची सुगम्यतेची, म्हणजे अपंग-वयस्करांनाही इमारत सहज वापरता यावी यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट, दिलेली आहे. रॅम्पचा उतार एकास बारा. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. आपल्याकडे त्या जागी स्कूटर चढवायला तीन-चार फुटांचा उतार करतात आणि त्यालाच रॅम्प म्हणतात. व्हीलचेअर त्यावरून खाली येताना माणसाला पुढे फेकते. जागा नसेल तर अठरा फुटांचा रॅम्प वळवून दोन टप्प्यांत करता येतो. तेही जमत नसेल तर निदान पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा घाला.

आता लिफ्टचं. जुन्या इमारतीला बाहेरून लोखंडी सांगाड्यात लिफ्ट बसवता येते. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, महापालिकेची परवानगी आणि राज्याच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्याप्रमाणे परवाना लागतो. पण नकाशा हातात आला की एक गोष्ट आधी तपासा. बहुतेक जुन्या जिन्यांची बाहेरची भिंत मधल्या लँडिंगवर असते. तिथे लिफ्ट लावली तर ती दोन मजल्यांच्या मध्येच उघडते, आणि घरी जायला नऊ-दहा पायऱ्या राहतातच. ज्यांच्यासाठी लिफ्ट बसवली त्यांनाच ती पुरत नाही. शक्य असेल तिथे बाल्कनीच्या किंवा पॅसेजच्या बाजूनं घ्या, खर्च थोडा वाढला तरी. नव्या इमारतींतही एक खोड आहे: पार्किंगमधून लिफ्टच्या दारापर्यंत चार पायऱ्या. वर दहा मजले सुखानं जाता येतं, त्या चार पायऱ्या चढता आल्या तर.

सोसायटीच्या सभेत पहिल्या मजल्यावरचे विचारतात, आमचा लिफ्टशी संबंध काय? एकदा बसली की तिचा देखभालखर्च, वापरा किंवा नका वापरू, त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच आहे. बसवण्याचा खर्च मात्र सभेत ठरतो आणि तिथे खरी ओढाताण होते. मी नेहमी सांगते, वरच्यांनी जास्त वाटा उचलावा, खालच्यांनी कमी, पण शून्य कोणाचा नको. आणि ज्या वयस्कर सभासदाकडे पैसे नाहीत, त्याच्यासाठी हप्ते पाडा. हे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, नाहीतर पुढच्या सेक्रेटरीला काहीच माहीत नसतं.

पुनर्विकासाच्या इमारतींबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, कारण पुढच्या चाळीस वर्षांचं तिथे एका नकाशात ठरतं. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. सभांमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), पार्किंग यांवर तासन्‌तास बोलणं होतं. बाथरूमच्या दाराची रुंदी कोणी काढत नाही. बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान निकष घालून दिले: लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावावी, दारं ९०० मिलिमीटरची, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे, बाथरूममध्ये दांडे आणि न घसरणारी फरशी. साध्या पुनर्विकासाला ते बंधनकारक नाहीत. पण बिल्डरबरोबरच्या करारनाम्याला तीच यादी परिशिष्ट म्हणून जोडा, असा आग्रह तुम्ही धरू शकता. चौकट नकाशातच मोठी काढली तर फारसा खर्च वाढत नाही, नंतर भिंत फोडताना वाढतो. आणि काम चालू असताना राहायला जे भाड्याचं घर घ्याल, ते लिफ्टचं किंवा तळमजल्याचं आणि त्याच भागात घ्या. तसं ते महाग पडतं, म्हणून वयस्कर सभासदांचं भाडं वेगळं ठरवून मागा.

प्रकल्पांबद्दलही बोलते, कारण मूळ प्रश्न तोच होता. नाशिकची हवा चांगली म्हणून इथे असे प्रकल्प येतात, आणि ज्यांना परवडतं त्यांनी जरूर बघावेत. जाताना आई-वडिलांना घेऊन जा, आणि सॅम्पल फ्लॅटच्या आधी लिफ्टपर्यंतची वाट बघा. जेवण, नर्स, रुग्णवाहिका हे करारात लिहिलंय की फक्त माहितीपत्रकात, ते तपासा. बिल्डर निघून गेल्यावर या सेवा कोण चालवणार आणि महिन्याची रक्कम कोण ठरवणार, तेही विचारा. पण नाशकातल्या किती घरांना हे झेपणार? ईपीएस-९५ ची, म्हणजे कंपन्यांतल्या कामगारांच्या पीएफशी जोडलेल्या योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. आयुष्यभर कारखान्यात राबलेल्या माणसाच्या हातात एवढंच पडत असेल, तर ठेव आणि मासिक शुल्काची भाषा त्याच्याशी बोलायचीच कशी?

निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा, असं २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या कायद्याचं कलम १९ म्हणतं. मधल्या माणसांसाठी, म्हणजे जे निराधार नाहीत आणि सधनही नाहीत, त्यांच्यासाठी कोणीच काही बांधत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत असे कितीतरी भाडेकरू आहेत. पावसाळा आला की धोकादायक वाड्याच्या नोटिसा लागतात. म्हातारं जोडपं किंवा एकटी मावशी घर बघायला गेली की मालक विचारतात, “तुमचं कोणी आहे का जबाबदार?” एकट्या वयस्कर माणसाला कोणी सहज घर भाड्यानं देत नाही, हे मी डोळ्यांनी बघते. भाचा-पुतण्या करारावर सही करायला तयार असेल तर काम सोपं होतं, तेवढं नातेवाइकांनी करावं.

सिडकोत वेगळीच गोष्ट आहे. घरं मुळात जमिनीलगतची, बैठी. त्यांवर मजले चढले, खाली दुकान किंवा भाडेकरू आला, आणि आई-वडील अरुंद लोखंडी जिन्यानं वर गेले. भाड्याचा हिशोब मला कळतो. तरी सांगते, खालची मागची खोली आणि संडास त्यांच्यासाठी राखा आणि भाडेकरूला वर पाठवा.

आणि आहे ते घर हातातून जाऊ देऊ नका, हे आई-वडिलांना सांगते, मुलांसमोर सांगते. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळे भराभर सह्या होतात. २००७ च्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुलांनी सांभाळलं नाही तर असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. मात्र सांभाळण्याची अट असायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. ती अट पत्रातच लिहून ठेवा. त्याहून बरं म्हणजे मृत्युपत्र करा आणि घर नावावरच राहू द्या. घर नावावर असलं की दुरुस्तीबद्दल घरात त्यांचं ऐकलं जातं.

आता महापालिकेकडे आणि म्हाडाकडे मागायचं ते. नाशकात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के घरं छोटी, ३० ते ५० चौरस मीटरची, अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत अपंग आणि ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत, असं लिहिलेलं आहे. तोच नियम या २० टक्के घरांनाही लावा. पण तळमजल्यावर आता पार्किंग असतं, राहायचं घर पहिल्या मजल्यापासून सुरू होतं. तेव्हा मागणी अशी हवी: पार्किंगच्या पातळीवर दोन-चार घरं काढा, दारं तीन फुटी करा, आणि ती साठीच्या पुढच्यांना भाड्यानं द्या, विकू नका. विकलं तर पुढच्या पिढीत ते घर पुन्हा बाजारात जातं. राज्याच्या मे २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा विचार आलेला आहे, तेव्हा हे मागायची वेळ आहे. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघानं निवेदन द्यायचं ठरवलं, तर मापांचा कागद मी काढून देईन, फी न घेता.