तुम्ही विचारलंत म्हणून: ओएई पास, मग बेरा कशाला?

एनआयसीयूमधून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलेल्या बाळाची ओएई ही ऐकण्याची तपासणी पास झाली, तरी मी बेरा ही ऐकण्याचीच दुसरी तपासणी करून घ्या म्हणते. मग आई-बाबा विचारतात, "मॅडम, मशीननं पास दाखवलंय ना, मग परत कशाला?" खर्च वाढतोय ही त्यांची काळजी रास्तच आहे, म्हणून नीट सांगते.

आतल्या कानाच्या वेटोळ्यात दोन प्रकारच्या केसपेशी, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी, असतात. बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००, आतल्या रांगेत ३,५०० च्या आसपास. आवाज आला की बाहेरच्या पेशी थरथरून तो वाढवतात आणि त्या थरथरीचा अगदी क्षीण आवाज कानातून उलटा बाहेर येतो. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी तो पकडून दाखवला. ओएईचं यंत्र तोच आवाज टिपतं. बाळ झोपलेलं असलं की काही मिनिटांत काम होतं.

जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं किंवा कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन यांचा घाव बहुधा आधी याच बाहेरच्या पेशींवर पडतो, तोही उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींपासून. म्हणून औषधाचा परिणाम ओएईत लवकर कळतो, मोठ्या माणसांत अनेकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, बिघडण्याच्या आधीच. ती इंजेक्शनं टाळा असं मी कधीच म्हणणार नाही. जंतुसंसर्गात बाळाचा जीव त्यांनीच वाचतो. पण मेलेली केसपेशी परत येत नाही, तेव्हा लक्ष ठेवायलाच हवं.

बाळ उशिरा रडलं असेल, ऑक्सिजन कमी पडला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मार कधी कधी आतल्या रांगेवर किंवा श्रवणाच्या नसेवर बसतो आणि बाहेरच्या पेशी शाबूत राहतात. ओएई पास होते, पण आवाज मेंदूपर्यंत धड पोचत नाही. फार चढलेल्या काविळीतही असं होऊ शकतं. बेरामध्ये कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून नस आणि मेंदूचा खालचा भाग आवाजाला काय प्रतिसाद देतात ते नोंदतात, म्हणून हा दोष तिथे सापडतो. नाहीतर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत घरचे दोन-दोन वर्षं थांबतात, आणि भाषा शिकण्याचा ऐन काळ निघून जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

एनआयसीयूतल्या कितीतरी बाळांच्या वाट्याला इंजेक्शनंही येतात आणि श्वासाचा त्रासही. म्हणून दोन्ही तपासण्या. येताना डिस्चार्ज कार्ड आणा. कोणतं औषध किती दिवस दिलं ते त्यावर असतं. दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या तरी बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत पुन्हा दाखवा, कारण काही औषधांचा परिणाम उशिराही दिसतो.