बर्फातला दुसरा माणूस

बर्फाच्या कड्यांवरून पायांना स्की, म्हणजे लांब चपट्या पट्ट्या, बांधून जिवावर उदार होऊन खाली झेपावणाऱ्या लोकांचे चित्रपट घरात बसून पाहणे यात एक उघड विसंगती आहे, आणि मला ती मनापासून आवडते. पडद्यावरच्या माणसाच्या भुवयांवर बर्फ गोठलेले असते आणि आपण पांघरुणातून पाऊल बाहेर काढायलाही तयार नसतो. तरीही त्याने कड्यावरून स्वतःला झोकून दिले की आपल्या पायांची बोटे आवळली जातात, आणि तो सुखरूप टेकला की आपणच काही पराक्रम गाजवल्यासारखे आपण मागे रेलतो. मग रेललेल्या अवस्थेतच त्याच्या चुका काढायला सुरुवात होते; जरा आणखी डावीकडून यायला हवे होते, हे वाक्य उच्चारण्यासाठी आयुष्यात कधी बर्फावर पाय ठेवलेला असण्याची अट नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्या मानाने मूलगामी असतो: शेवटी खालीच यायचे होते, तर हा वर गेला कशाला? याचे समाधानकारक उत्तर मला एकाही चित्रपटात मिळालेले नाही.

माझे लक्ष मात्र हळूहळू त्या झेपावणाऱ्या वीरावरून उडाले आणि त्याला टिपणाऱ्या माणसाकडे गेले. निवेदक धीरगंभीर आवाजात सांगत असतो की आता इथे फक्त तो आहे आणि पर्वत आहे. आणि नेमके त्याच वेळी त्याच्या गॉगलच्या कडेला चिकटलेले हिमकण आणि फाटलेले ओठ आपल्याला हातभर अंतरावरून दिसत असतात. म्हणजे तिथे दुसरा कोणीतरी नक्की आहे. त्याच उतारावरून, जवळजवळ त्याच वेगाने, पाठीवर ओझे घेऊन आणि एक डोळा कॅमेऱ्यात गुंतवून तो खाली येतो आहे, आणि तो पडला तर त्याची कहाणी कोणाला दिसणारही नाही, कारण त्याच्याबरोबर चित्रणही पडेल. तेव्हापासून असे दृश्य आले की मी आधी बर्फावर स्कीच्या दुसऱ्या जोडीच्या खुणा शोधतो. पुष्कळदा त्या संकलकाने शिताफीने टाळलेल्या असतात. कधी मात्र चौकटीच्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा निसटून राहतात, आणि त्या सापडल्या की मला चोर पकडल्याचा आनंद होतो.

या दुसऱ्या माणसाची परंपरा जुनी आहे. जर्मनीत आर्नोल्ड फांक यांनी 1920 मध्ये स्कीवरचा चित्रपट पडद्यावर आणला, तेव्हा कॅमेरा म्हणजे हाताने मूठ फिरवून चालवायची जड पेटी होती, आणि ती डोंगरावर वाहून न्यायची म्हणजे नेणाऱ्याला स्की येणे भागच होते. पुढे विली बोग्नर यांनी ही कला टोकाला नेली. ते स्वतः हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेले स्कीपटू. 1969 च्या बाँडपटातले बर्फावरचे पाठलाग चित्रित करताना ते हातात कॅमेरा धरून उताराला पाठ करून उलटे घसरत गेले. समोरून बंदूकधारी येत असल्याचे नाटक चालू आहे आणि खरा धोका पाठीमागे, न दिसणाऱ्या उतारात आहे, असा तो मामला. अमेरिकेत वॉरन मिलर यांनी 1950 पासून दर वर्षी स्कीचा नवा चित्रपट काढण्याचा नेम धरला आणि सुरुवातीची कित्येक वर्षे ते गावोगाव हिंडून, पडद्याशेजारी उभे राहून, निवेदन स्वतःच करीत. त्या प्रेक्षकांना दुसरा माणूस निदान डोळ्यांनी दिसत तरी होता.

घरच्या पडद्यावर आणखी एक लबाडी बिनबोभाट चालते, ती उताराची. कॅमेरा उतार सपाट करतो. पंचेचाळीस अंशांचा कडा समोरून टिपला तर मुलांच्या घसरगुंडीहून फारसा वेगळा दिसत नाही, कारण आजूबाजूला झाड नसते, घर नसते, उभे-आडवे ठरवायला एकही सरळ रेघ नसते. सगळीकडे नुसते पांढरे, आणि त्यात मुंगीएवढा माणूस. हे ओळखण्याची एक खूण मात्र हाती लागते. माणूस सरळ उभा असताना त्याचा डोंगराकडचा हात कुठे आहे ते पाहावे. पन्नास अंशांच्या आसपास उतार इतका जवळ येतो की वाकल्याशिवाय, नुसता हात बाजूला केला तरी बोटे बर्फाला लागतात. एकदा रिमोटने दृश्य थांबवले असता नेमका हा क्षण हाती लागला: मोजा घातलेला हात बर्फात खोल चीर पाडत चालला होता, त्या चिरेतून साखरेसारखा भुगा उसळत होता, आणि वरच्या बाजूने सुटलेल्या भुसभुशीत बर्फाचा एक ओघळ त्याच्याच वाटेने, त्याच्या मागोमाग निघालेला होता. चालत्या चित्रात तो ओघळ क्वचितच नजरेत भरतो. स्कीपटू मात्र त्याचा हिशेब सतत ठेवत असतो. वळणे अशी घ्यायची की तो शेजारच्या घळीतून पुढे निघून जावा, नाहीतर तोच पायाखालून जमीन काढून घेतो. ओघळाऐवजी बर्फाचा सबंध थरच सुटला तर त्याला हिमस्खलन म्हणायचे, आणि असे थर बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे जिथे स्की करण्यात सर्वांत जास्त मजा येते तिथेच. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पाव तासात बाहेर काढले तर तो वाचण्याची आशा दांडगी असते, पुढे ती झपाट्याने घटते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संकेत पाठवणारे यंत्र आणि पाठीवर फावडे असते. फावडे अर्थातच दुसऱ्यासाठी असते, स्वतःचे स्वतःला काही उपयोगी पडत नाही. पडद्यावर एकटा दिसणारा वीर कॅमेऱ्याबाहेरच्या सोबत्याच्या भरवशावर उतरतो आहे, हे त्या फावड्यावरूनच कळते.

आवाजाबद्दल फार बोलत नाही. कॅमेरा समोरच्या धारेवर किंवा घरघरणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये असताना स्कीची ती रेशमी सरसर त्याला कुठून ऐकू येणार? ती मागाहून घातलेली असते. बर्फावरच्या पावलांचा आवाज मक्याच्या पिठाची पिशवी दाबून काढण्याची चित्रपटसृष्टीतली युक्ती तर जुनीच आहे. त्यावर चढवलेले ढोलताशांच्या थाटाचे संगीत मी बंद करतो. निर्मात्यांना प्रेक्षकाच्या काळजाच्या ठोक्यांवर विश्वास का नसतो, कोण जाणे.

या साऱ्या प्रकारात एक चित्रपट मला वेगळा वाटतो. जपानचे युइचिरो मिउरा 6 मे 1970 रोजी एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीजवळून, सुमारे आठ हजार मीटरवरून, स्कीवर खाली निघाले. वेग आवरण्यासाठी त्यांनी पाठीला पॅराशूट बांधले होते. त्या विरळ हवेत आणि भरकटत्या वाऱ्यात ते जेमतेम उपयोगी पडले, खाली निळसर टणक बर्फ लागले, मिउरा पडले आणि घरंगळत राहिले. खालची प्रचंड हिमभेग येण्याआधी ते थांबले, हे केवळ नशीब. हा प्रकार काही मिनिटांत आटोपतो. त्यावर 1975 मध्ये आलेल्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले, पण त्याचा फार मोठा भाग वरपर्यंत पोहोचण्याच्या खटाटोपाचा आहे, आणि त्या खटाटोपात खुंबूच्या हिमप्रपातात सहा शेर्पा मृत्युमुखी पडले, हेही त्यात आहे. इतर चित्रपट चढण कापून टाकतात आणि उतरण दाखवतात. इथे ओझी वाहणारी माणसे कापलेली नाहीत. पाहणाऱ्याला ते सुखाचे जात नाही. उतरण पाहताना ते सहा जण सारखे मध्ये येतात, आणि मिउरा वाचल्याचा जो आनंद व्हायचा तो अर्धवटच होतो.

रिमोटने दृश्य थांबवता येते, मागे नेता येते, ही घरच्या प्रेक्षकाची खास सत्ता. तिचाही एक जाच आहे. कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲस्गार्डवरून 1976 मध्ये रिक सिल्व्हेस्टर यांनी पुढच्या वर्षीच्या बाँडपटासाठी स्कीसह झेप घेतली. उघडत असलेल्या पॅराशूटला सुटलेली एक स्की चाटून जाते. चित्रपटगृहात ते कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही. घरी मात्र ती स्की पुन्हा पुन्हा पाहता येते, आणि ती अडकली असती तर, हा विचार मग पाठ सोडत नाही. ती झेप पाहून पुढे ज्यांना स्फूर्ती मिळाली त्यांत स्कीपटू शेन मॅकॉन्की होते. विनोदी, विदूषकी, बर्फावरच्या फार गंभीर लोकांची टर उडवणारा हा माणूस 26 मार्च 2009 रोजी इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात अशीच झेप घेताना गेला; स्की वेळेवर सुटली नाही, ती सोडवण्यात मोलाचे क्षण गेले आणि पॅराशूट उघडायला उशीर झाला. त्यांच्या आयुष्यावरचा 2013 चा माहितीपट मी पाहिला, पण त्यांच्या शेवटच्या झेपेचा विषय निघाला की रिमोटच्या त्या सत्तेला मी हात लावत नाही.

हेल्मेटवरच्या छोट्या कॅमेऱ्यांनी दुसऱ्या माणसाला सुट्टी दिली, असे म्हणतात. मला ती चित्रणे लवकर कंटाळवाणी होतात, कारण त्यांत उतार दिसतो, स्कीची टोके दिसतात, माणूस दिसत नाही. ड्रोनची गोष्ट वेगळी. पोलंडचे आंद्झेइ बार्गिएल 22 जुलै 2018 रोजी 8,611 मीटर उंचीच्या के-टू शिखरावरून पायथ्यापर्यंत स्कीवर उतरले, असे करणारे ते पहिले, आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालणारा ड्रोन त्यांचा भाऊ बार्टेक खालून चालवत होता. त्याच महिन्यात, शेजारच्या ब्रॉड पीकवर मेला असे समजून ज्याची आशा सोडली होती तो ब्रिटिश गिर्यारोहक जिवंत असल्याचे याच ड्रोनने शोधून काढले आणि त्याची सुटका झाली. टिपणारा नुसता टिपत राहतो, ही माझी जुनी तक्रार त्या एका गोष्टीने बरीच सैल झाली. के-टूवरची ती दृश्ये आता मी पाहतो तेव्हा आंद्झेइ आपली वळणे बिनचूक घेत असतात आणि मी मात्र थंडीत बॅटरी किती लवकर उतरत असेल, वारा वाढला तर ते चिमुकले यंत्र परत कसे येईल, खाली उभ्या भावाची बोटे कळा दाबण्याइतकी शाबूत असतील का, याच विवंचनेत बसलेला असतो. घरच्यांना वाटते, मी स्की करणाऱ्याची काळजी करतो आहे.